बुडालेल्या वाटांचे नकाशे

मी चित्रकार आहे. गेली काही वर्षं माझं सगळं काम कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांवर चाललं आहे. कामाची रीत साधी आहे. मोठा हातकागद जमिनीवर अंथरायचा, त्या गावांतून उठून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्याच्याभोवती बसवायचं, हातात कोळशाची कांडी द्यायची आणि गाव काढायला सांगायचं. त्यांच्या रेषा मी पुसत नाही, दुरुस्तही करत नाही. त्या तशाच ठेवून त्यांच्या अवतीभवती मी माझं काम करते.

आमचं घर जावळी खोऱ्यातल्या एका वाडीतलं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा आजोबांचं कुटुंब रायगड जिल्ह्यातल्या वसाहतीत आलं. वडील तेव्हा शाळेतही जात नव्हते. माझा जन्म वसाहतीतलाच, त्यामुळे जुनं गाव मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण घरात त्याचा वावर रोजचा होता. जेवताना भाताला वास नाही म्हणून आजीला तिथलं खाचर आठवायचं. पाऊस लागला की वडील पेपरात आधी धरणाची पातळी बघायचे. पूर्ण भरलं की २१६३ फूट आणि १०५ टीएमसी, हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चुलत्यांचे एकमेकांना फोन सुरू व्हायचे, देवळाचा चौथरा दिसायला लागला का म्हणून.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे येते. वाटेत तिला सोळशी आणि कांदाटी मिळतात. हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेत जाते. त्या वळणाजवळच धरण बांधलं. काम पन्नासच्या दशकात सुरू झालं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागलं. भिंत १०३ मीटर उंच. मागे पार तापोळ्यापर्यंत पसरलेल्या पाण्याला शिवसागर म्हणतात. हे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात उतरतं, पोफळीला वीज तयार करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. चारही टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅटच्या आसपास. महाराष्ट्राचे कारखाने आणि दिवे त्या विजेवर चालले, आणि मला त्याचा आकस नाही. माझ्या वसाहतीतली शाळाही त्याच विजेवर चालली असणार.

पण एक गोष्ट मला सतत टोचत आली आहे. जमीन घ्यायला सरकारकडे १८९४ सालचा कायदा तयार होता. माणसं बसवायला कायदाच नव्हता. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ साली आला, म्हणजे पाणी चढल्यावर दीड दशकाने. तोवर लोक जमेल तसे पांगले होते. काही डोंगरात वर सरकले, तर काही रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत गेले. एकाच वाडीतल्या भावकीचे तीन तुकडे तीन जिल्ह्यांत पडले. वर सरकलेल्यांना ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपाने गाठलं. पुढे १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१०मध्ये व्याघ्र प्रकल्प आला आणि त्यातल्या काही गावांना पुन्हा उठावं लागलं. माझ्याकडे एका आजोबांनी काढलेला कागद आहे. त्यात त्यांचं घर दोनदा आहे, एक खाली नदीकाठचं आणि एक वर टेकाडावरचं. खालच्यावर त्यांनी आडव्या रेघा मारल्या आहेत, वरच्यावर उभ्या. आडव्या म्हणजे पाणी आणि उभ्या म्हणजे भूकंप, असं त्यांनी बोट ठेवून सांगितलं.

कलाशाळेत असताना यातलं काहीच माझ्या चित्रांत नव्हतं. आमच्याकडे निसर्गचित्रणाची मोठी परंपरा. जलरंगातला घाट, पाण्यावरचं प्रतिबिंब, संध्याकाळचा प्रकाश हे सगळं मी मनापासून शिकले आणि आजही मला त्याची गोडी आहे. बामणोलीच्या काठावर बसून रंगवायला शिवसागर फार सुंदर दिसतो. वासोट्याला जाणारी लाँच, निळ्या डोंगरांच्या रांगा. ते सुंदर चित्र माझ्या हातून होईना, कारण त्या निळ्या रंगाच्या खाली आमचं खाचर आहे हे मला माहीत होतं.

वाट दाखवली ती दोन चित्रकारांनी. ग्रंथालयात झरिना यांच्या १९९९च्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या मालिकेचं पुस्तक हाती आलं. छत्तीस काष्ठठसे आहेत, आणि प्रत्येकाबरोबर उर्दूतला एकेक शब्द. घर, उंबरा, दार, वाट. झरिनांचा जन्म १९३७ साली अलीगढचा. फाळणीनंतर काही वर्षांनी त्यांचं कुटुंब कराचीला गेलं आणि त्या स्वतः आयुष्यभर देशोदेशी राहिल्या. त्या ठशांमध्ये माणूस कुठेच नाही. काळ्या रेषांमध्ये मांडलेला घराचा आराखडा आहे आणि त्यात एका माणसाची सगळी ओढ आहे. नकाशा हेच चित्र होऊ शकतं, हे मी तिथे पाहिलं. दुसरे प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, कोळसा खाणीत राबलेल्या घरातले. ते कोळशाने भिंतीएवढी चित्रं काढतात. ज्या वस्तूने गावाचं आयुष्य बदललं, तीच वस्तू हातात धरून चित्र काढायचं ही त्यांची गोष्ट मला फार आतून पटली. त्यानंतर मी काठावरच्या गाळाकडे रंग म्हणून बघायला लागले.

पहिला कागद आजी आणि तिच्या थोरल्या जावेबरोबर केला. मी आधी चुलत्यांना बसवलं होतं. त्यांनी झपाझप गाव काढलं. नदी, बांध, कुणाचं शेत कुणाला लागून, देऊळ, शाळेची खोली. वडिलोपार्जित जमिनीच्या हद्दी त्यांना हातभर चुकल्या नाहीत. मग दुसरा कोरा कागद अंथरून दोघी म्हाताऱ्यांना बसवलं. आजीने नदीपासून सुरुवात केलीच नाही. तिने घराच्या मागच्या दारातून एक वाट काढली आणि ती वर चढवत नेली.

“हितनं वर गेलं की आंबा लागायचा. त्याच्या बुडाशी म्हसोबा. तितं घागर उतरवायची नि दम घ्यायचा.”

थोरल्या आजीने कांडी तिच्या हातातून घेतली. “आंब्याच्या अलीकडं झरा काढ की आगं. एप्रिलात खालचं पानी आटलं की तितंच जायाचं.”

“तो झरा आपल्या वाडीचा न्हवं. तितं भांडनं व्हायची.”

“भांडनं व्हायची तरी पानी तितलंच आनायचं.”

झऱ्यावरून दोघींचा वाद बराच रंगला. शेवटी झरा काढला गेला आणि त्याच्याभोवती भांडणाची खूण म्हणून थोरल्या आजीने पाचसहा काटे काढले. त्या कागदावर शेताचा एकही बांध नाही. वाटा मात्र इतक्या आहेत की कागद पुरला नाही. लाकडाची वाट, गवताची वाट, माहेरची वाट, आणि बाळंतपणाला सुईणीला बोलवायला रात्री जायची जवळची वाट. माहेरची वाट नदी ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जाते. आजीचं माहेरही बुडालं. ती वाट कागदाच्या कडेपर्यंत आली तेव्हा आजीने कांडी खाली ठेवली आणि फरशीवर नुसत्या बोटाने पुढची रेघ ओढत नेली.

चुलत्यांचा कागद आणि आजीचा कागद एकावर एक ठेवून पाहिले. दोन्हींत सारखं होतं ते फक्त देऊळ. मला तेव्हा लख्ख कळलं की हे दोन्ही मिळून एक “खरा” नकाशा बनवायचा मोह टाळायला हवा. संपादनाची कागदपत्रं चुलत्यांच्या नकाशाच्या जवळची आहेत, कारण भरपाई बांधांना मिळते. खातेदाराचं नाव, गट, क्षेत्र, रक्कम. आजीचं नाव त्या याद्यांत कुठेच नाही. तिच्या वाटांना, झऱ्याला आणि आंब्याला कागदोपत्री कधी काही मोल नव्हतं. तेव्हापासून मी दोन्ही कागद सारख्या मापाचे घेते, सारख्या उंचीवर लावते, आणि एकातलं दुसऱ्यात काही मिसळत नाही.

या कामातला सगळ्यात मोलाचा कागद मात्र आमच्या घरातला नाही.

आमच्याच गावच्या माणसांनी काढलेल्या कागदांवर मला एक जागा सारखी रिकामी दिसत होती. मी विचारलं, महारवाडा कुठे होता? चुलते म्हणाले, “व्हता की खाली, वढ्याकडं,” आणि ओढ्याजवळ एक ठिपका ठेवला. ठिपक्यापुढे त्यांना काही आठवेना. घरं किती, विहीर कुठे, वाट कुठून, काहीच नाही. खोटं बोलत नव्हते ते. त्यांचे पाय कधी तिकडे वळलेच नव्हते.

त्या वस्तीतली कुटुंबं दुसऱ्या वसाहतीत आहेत. तिथले एक बौद्ध आजोबा माझ्यासाठी कागदावर बसले. वयाने थकलेले, पण हात स्थिर. त्यांनी ओढ्यापासून सुरुवात केली आणि घर न घर काढलं. कुणाच्या दारात शेवगा होता, कुठे डफ टांगायचे, हेसुद्धा. वस्तीची स्वतंत्र विहीर काढली आणि तिच्या तीन पायऱ्या मोजून घेतल्या. मग गावाकडे जाणारी वाट काढली, चावडीपर्यंत नेली आणि तिथे थांबले. चावडीच्या पुढचा अर्धा कागद कोरा राहिला. मला वाटलं दमले असतील. मी म्हटलं, बाबा, पुढचं उद्या काढू.

ते म्हणाले, “पुढचं मला ठावं न्हाय बाय. तितं आमाला जायाचं न्हवतं. मंग कसं काढू?”

तो कोरा अर्धा भाग मी तसाच ठेवला आहे. त्यावर मी एक रेषही ओढलेली नाही आणि ओढणार नाही. चुलत्यांच्या कागदावरचा ठिपका आणि या कागदावरचा कोरा भाग शेजारी शेजारी लागले की एकाच गावाच्या दोन बाजू समोर येतात. पाण्याने गाव बुडवलं हे खरं, पण गाव म्हणून आपण ज्याची आठवण काढतो तेही सगळ्यांना सारखं मिळालेलं नव्हतं. विस्थापनावर बोलताना आम्ही धरणग्रस्त फार सहज “आमचं गाव” म्हणतो. या कागदानंतर तो शब्द उच्चारताना मी थांबते आणि कुणाचं, ते विचारते.

बाबांनी आणखी एक सांगितलं, ते मी चित्राच्या मागच्या बाजूला त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं आहे. त्यांच्या घरचं पोट जमिनीवर कमी आणि गावकीच्या कामावर जास्त होतं. सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं, सणाला वाटा मिळायचा. त्या मिळण्यात अपमान भरपूर होता, आणि तो त्यांनी स्पष्ट बोलून दाखवला. पण गाव पांगल्यावर तेही गेलं, आणि ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला जमिनीच्या बदल्यात काय देणार? हीच गत कुळाने कसणाऱ्यांची, सुतार-लोहारांची, पठारावरच्या गवळी-धनगरांची आणि डोंगरात कुमरीची फिरती शेती करून नाचणी-वरी काढणाऱ्यांची. पाणी सगळ्यांच्या घरात शिरलं. यादीत मात्र मोजकेच आले.

यादीबाहेरच्यांची पुढची पिढी कुठे गेली, याचं उत्तर शोधायला मला मुंबई सोडून कुठे जावं लागलं नाही. मस्जिद बंदर आणि वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारे जावळी-पाटणचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि १९६९चा माथाडी कायदा त्यांच्या लढ्याचं फळ. खोऱ्यातून माणसं मुंबईला धरणाआधीही जात होती, हे खरं. पण आधी ती पेरणीला आणि जत्रेला परत यायची. माझे एक मामा आयुष्यभर माथाडी होते. त्यांच्या मानेखाली पोत्याने घट्टा पडला आहे. तो मी त्यांच्या परवानगीने कोळशाने काढला, जवळून, फक्त मान आणि खांदा. बाकी कागदावर गाव नाही, पाणी नाही. नकाशांच्या मालिकेत ते चित्र कशाला, असं मला विचारलं जातं. खोऱ्यातून निघालेली वाट जिथे संपली, ती ही जागा आहे, असं मी सांगते.

आता गाळाविषयी. मे महिन्यात पाणी खाली गेलं की काठावर पावलं रुततील असा मऊ पट्टा उघडा पडतो. वरचा थर उन्हाने तडकून त्याच्या खपल्या होतात. त्या खपल्या मी गोळा करते, वाळवते, खलबत्त्यात कुटते आणि वस्त्रगाळ करते. त्यात बाभळीचा डिंक घातला की कागदावर बसणारा रंग तयार होतो. ओला असताना तो जवळजवळ काळा दिसतो, वाळताना त्याच्यात तांबूसपणा उतरतो, कारण वरच्या डोंगरातली जांभ्याची माती त्यात आहे. थर जाड झाला तर कागदावरही तडा जातो. सुरुवातीला मी डिंक वाढवून तडे थांबवायची. आता काही ठिकाणी जाऊ देते, पण म्हाताऱ्या माणसांच्या रेषांवर गाळ कधी चढवत नाही. रेषा वर, गाळ तिच्या आजूबाजूला. आणि २१६३ फुटांची ती पातळीची रेघ मी कुठल्याच चित्रात काढत नाही. सरकारी नकाशावर सगळं त्या रेघेपासून सुरू होतं. या माणसांच्या गावात ती रेघ नव्हती.

कागद मुंबईच्या एका कलादालनात लागले तेव्हा लोकांनी ते प्रेमाने पाहिले. पण मला खरी ओढ होती ती वसाहतीतल्या देवळाच्या सभामंडपात ते लावण्याची. तिथे चित्रं बघायला कुणी मागे उभं राहिलं नाही. लोक थेट कागदाला बोट लावत होते, आणि मी लावू दिलं. एका काकांनी आपल्या घराची जागा चुकली म्हणून तिथेच कोळसा मागितला. बायका आजीच्या कागदापुढे बसून वाटा मोजत होत्या.

बौद्ध बाबांचा कागद चुलत्यांच्या कागदाशेजारी लावल्यावर कुरबूर झाली. गावातले एक जाणते गृहस्थ म्हणाले की आता हे कशाला उकरायचं, सगळेच उठलो, सगळ्यांचंच गेलं. बाबा आले नव्हते, त्यांची नात आली होती. तिने शांतपणे विचारलं, “आजोबांनी जेवढं पाहिलं तेवढंच काढलंय. तुम्ही आमची विहीर काढून दाखवाल का?” कुणाला काढता आली नाही. माझ्या चुलत्यांनी कागदाजवळ जाऊन त्या विहिरीच्या तीन पायऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि मग तिला बसायला खुर्ची दिली. एवढ्याने काही मिटलं असं मी म्हणणार नाही. ते गृहस्थ माझ्याशी अजून तुटकच बोलतात. पण तो कागद काढून ठेवायला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर मी सगळेच कागद उतरवून घरी नेले असते.

एका संग्राहकाने आजीचा कागद विकत मागितला, किंमतही चांगली सांगितली. जोडीतला एक कागद वेगळा करता येत नाही, असं मी कळवलं. माथाडी मामांचं चित्र आणि गाळाची काही छोटी चित्रं मी विकते, माझं पोट त्यावर चालतं. माणसांनी काढलेले नकाशे मात्र त्या त्या वसाहतीचे आहेत, अशी लेखी नोंद मी करून ठेवली आहे. त्यांच्या छापील प्रती वसाहतीतल्या शाळेच्या भिंतीवर आहेत. तिथली मुलं त्यावरून आजी-आजोबांना प्रश्न विचारतात आणि उत्तरं वहीत उतरवून मला पाठवतात. त्यातून झाडांची, पाणवठ्यांची आणि वाड्यांची कितीतरी नावं मिळाली, जी कुठल्याही टोपोशीटवर नाहीत.

सध्या सोलापूर जिल्ह्यातल्या वसाहतींचं काम हाती घेतलं आहे. आमच्या खोऱ्यातल्या पावसाची माणसं तिकडच्या कोरड्या माळावर कशी रुजली, हा वेगळाच विषय आहे आणि त्यासाठी मला तिथे राहावं लागणार आहे. परवा तिथल्या एका आजींचा फोन आला. त्यांना शाळेतल्या मुलीने कामाची माहिती दिली होती. म्हणाल्या, “येताना कागद मोठा आण गं. माझं सासर नि म्हायेर दोन्ही पान्यात हाय. त्यातनं वाट लांबची हाय.” माझ्याकडे आहे त्याहून मोठा हातकागद कारखान्यात मिळत नाही. म्हणून मी दोन कागद कडेला कड लावून मैद्याच्या खळीने चिकटवते आहे, आणि जोड पक्का बसला की निघणार आहे.